फक्त फॅमिलीसाठी

हडपसरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात बऱ्याच जणांना त्याचा विसर पडत होता. मी शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा माझ्या पगारातून त्याचे हप्ते गेले. घेतला होता लेकीसाठी. त्या वेळी तिकडं भाजीचे मळे होते आणि नातेवाईक विचारायचे, "इतक्या लांब राहायला जाणार कोण?" लेक लग्न होऊन कोचीला गेली, मळ्यांच्या जागी आयटी पार्क आले, आणि तेच नातेवाईक आता विचारतात, तिकडं काही रिकामं आहे का.

आम्ही दोघं नारायण पेठेत राहतो. आमच्याच इमारतीत खाली ह्यांचं स्टेशनरीचं दुकान आहे. हडपसरला जायचं म्हणजे ह्यांच्या लेखी परगावी जायचं, त्यामुळे फ्लॅटचं सगळं मीच बघते. अनेक वर्षं तिथं एक जोडपं आणि त्यांचं मूल असं कुटुंब राहत होतं. त्यांचं स्वतःचं घर झालं, ते पेढे देऊन गेले आणि फ्लॅट रिकामा झाला. तोवर भाडेकरू एजंटच शोधून द्यायचा. या वेळी मी निवृत्त झाले होते, हाताशी वेळ होता. ठरवलं की माणसं आपण स्वतः बघायची.

हे जाहीर केल्याबरोबर सल्ले सुरू झाले. माझी नणंद म्हणाली, बँकेतला बघ, बदली झाली की आपोआप जातो. शेजारच्यांचं म्हणणं, माणूस परगावचा असावा, पण फार परगावचा नसावा. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "घरात राहणारा बघ. बाकीचं जमेल."

एजंट मूळचा हडपसर गावातलाच होता. चटपटीत, मनानं चांगला. "पार्टी चांगली हाय, मॅडम," असं तो प्रत्येकाबद्दल सांगायचा. कोणाचा फोन आला की तो तीन प्रश्न विचारायचा. फॅमिली का बॅचलर, वेज का नॉनवेज, आणि आडनाव काय. आडनाव कशाला, म्हणून मी विचारलं. तो हसला. "म्हणजे पुढचं इचारायला नको." मी त्याला सांगितलं की माझ्या फ्लॅटसाठी यातलं काही विचारायचं नाही, माणसं फक्त माझ्यासमोर आणायची. त्यानं मान डोलावली, पण मी त्याचं काम वाढवते आहे असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

माणसं आली. एक जोडपं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून माझ्यासमोरच भांडलं आणि नंतर फोनच केला नाही. एक गृहस्थ सबंध वेळ कानाला फोन लावून फिरले आणि स्वयंपाकघराकडे न बघताच "डन, डन" म्हणाले. ते मला म्हणाले की फोनवरच्या माणसाला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एका शनिवारी दुपारी ती दोघं आली. तिशीच्या पुढची एक बाई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, पहिली पाळी संपवून थेट आलेली. बरोबर एक म्हातारे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. ती खोल्या बघत होती. ते प्रत्येक नळ सोडून बघत आणि नीट बंद करत होते. नळ संपल्यावर ते बाल्कनीत गेले, वाकून रस्त्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "कंपनीची बस इथूनच जाते का जी? इथं उभं राह्यलं तर उतरणारं माणूस दिसन ना?"

मी म्हटलं, दिसेल. बस समोरच्या चौकात थांबते.

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. दुसऱ्या पाळीला तिला यायला उशीर व्हायचा. घर घेताना त्यांना तेवढं एकच बघायचं होतं.

मी तिला विचारलं, वडील का? ती म्हणाली, सासरे. मग साहजिकच मी विचारलं, "आणि मिस्टर?"

"ते आता आमच्यासोबत नसतात," ती म्हणाली.

अशा वेळी आपला चेहरा आपोआप जसा होतो तसा माझा झाला असणार. कारण म्हाताऱ्यांनी लगेच खुलासा केला. "जिवंत आहे, मॅडम. ठणठणीत आहे. नागपूरले राह्यते, दुसऱ्या बायकोसंग." एखाद्या गाडीची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. एसटीत वाहक म्हणून त्यांची नोकरी झाली होती, हे नंतर कळलं.

फ्लॅटमध्ये बसायला काही नव्हतं. आम्ही बाल्कनीच्या उंबऱ्याशी खालीच बसलो आणि तिनं मला सगळं सांगितलं. ती दोघं वर्ध्याची. लग्नानंतर काही वर्षांतच सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं तिनं केलं, कारण नवरा नोकरीनिमित्त नागपूरला असायचा आणि येणं कमी कमी होत गेलं होतं. सासूबाई गेल्या. त्यानंतर वर्षाच्या आत त्यानं घटस्फोट मागितला. तिनं फार ताणलं नाही. तिला हडपसरच्या एका कारखान्यात, मालाची तपासणी होते त्या विभागात नोकरी मिळाली. वर्ध्याच्या घरी ती आपलं सामान घ्यायला गेली, तर दारात तिच्या बॅगेशेजारी अजून एक बॅग भरून ठेवलेली.

"मी म्हटलं, बाबा, तुम्ही कुठं निघाले? तर म्हणाले, तू जाशीन तिकडं." हे सांगताना ती हसली. म्हातारे त्या वेळी पुन्हा बाल्कनीतून खाली बघत होते. त्यांनी ऐकलं असावं, पण वळून बघितलं नाही.

तिचे वडील नव्हते, भावाचा संसार दोन खोल्यांत होता. पुण्यात आल्यापासून ती कंपनीतल्या एका मैत्रिणीकडे राहत होती आणि सासरे कुणा ओळखीच्यांच्या ओसरीवर झोपत होते. घरं बरीच बघून झाली होती. कुठं स्पष्ट नाही म्हणाले, कुठं कळवतो म्हणाले.

मीसुद्धा कळवते असंच म्हणाले. मनात नाही नव्हतं, पण जागेवर हो म्हणायची मला सवय नाही.

स्वारगेटपर्यंत बसमध्ये खिडकी मिळाली होती. मी सारखी त्या दोन बॅगांचाच विचार करत होते. घरी आले तेव्हा हे दुकानात पेनांचे खोके लावत होते. मी काउंटरच्या अलीकडे उभी राहून सगळं सांगितलं. ह्यांनी खोके लावणं थांबवलं नाही, पण सगळं ऐकलं.

"सासरा आपणहून सुनेबरोबर राहतोय," हे म्हणाले. "याच्यापेक्षा मोठं कॅरेक्टर सर्टिफिकेट कोण देणार?"

मी तिथूनच तिला फोन करून हो म्हणून सांगितलं.

दोनच दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. चाळिशीतला माणूस, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, वागायला अतिशय नम्र. एजंटकडून त्यांना कळलं होतं. "काकू, प्लीज डोन्ट माइंड," त्यांनी सुरुवात केली, "पण आपल्या सोसायटीचा रूल आहे. ओन्ली फॅमिली." गेटवर तशी पाटीसुद्धा होती, "फ्लॅट फक्त फॅमिलीसाठी". मी ती कितीदा तरी बघितली होती आणि कधी वाचली नव्हती.

मी म्हटलं, फॅमिलीच आहे.

"नाही, म्हणजे टेक्निकली बघा काकू. त्या मॅडम डिव्होर्सी आहेत, म्हणजे सिंगल. ते अंकल विडोअर, म्हणजे तेही सिंगल. दोन सिंगल मिळून फॅमिली होत नाही ना."

मी विचारलं, भाऊ-बहीण असते तर? ते चालतं म्हणाले. आई-मुलगी? तेही चालतं. मग सासरा-सून का चालत नाही? ते म्हणाले, नवरा असता तर काहीच प्रश्न नव्हता.

"म्हणजे जो दोघांना सोडून गेला," मी म्हटलं, "तो परत आला की फॅमिली होते. आणि जी दोघं एकमेकांना धरून राहिली, ती सिंगल."

ते ओशाळले. वाईट माणूस नव्हताच तो. मागं एका फ्लॅटमध्ये पाच-सहा मुलं राहत होती, त्यांच्या धांगडधिंग्याला कंटाळून कमिटीनं ठराव केला होता, आणि तो ठराव आता त्यांच्या गळ्यात होता. त्यांनी तोडगा काढला. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्या दोघांना घेऊन या, जस्ट एक इंट्रो होऊ दे, मग बघू.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वकीलबाई राहतात. माझ्याच वयाच्या. सोसायट्यांची भांडणं हाच त्यांचा व्यवसाय, त्यामुळे माणसांबद्दल त्यांना कुठलाही भ्रम उरलेला नाही. मी त्यांच्याकडे गेले.

"परवानगी मागितलीत का?" त्यांचा पहिला प्रश्न.

"अजून नाही."

"मग मागू नका. मागितली की ते देणार तरी किंवा नाही तरी म्हणणार. सोसायटीला कळवायचं असतं. विचारायचं नसतं. कळवणं आणि विचारणं यांत फरक आहे. तुम्ही शिक्षिका होतात ना?"

मी भूगोलाची होते, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. त्यांनी मग मला माझी कामं सांगितली. करार नोंदवलेला हवा, साध्या कागदावरचा नको. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची. कराराची प्रत सोसायटीला द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो जादा आकार घेते तो निमूट भरायचा, पण त्यालाही मर्यादा आहे, ती त्यांना माहीत असेलच. भाडेकरूनं त्रास दिला तर सोसायटी तक्रार करू शकते. पण तो कोण असावा, लग्न झालेला असावा की मोडलेला, हे ठरवणं त्यांचं काम नाही. उपविधींत तसं काही सापडलं तर मला आणून दाखवा, मलाही वाचायचंय, असंही त्या म्हणाल्या.

मी निघताना दारात थांबले. मनात आलेलं विचारून टाकलं. म्हणजे मीच त्या बाईला नाही म्हटलं असतं, अगदी घटस्फोटित म्हणून, तर?

"तर काही नाही. घर तुमचं. भाडेकरू निवडण्यात कायदा तुम्हाला फारसं विचारायला येत नाही," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "तिथं तुमचं तुम्हालाच विचारायचं."

जिना चढताना मला एजंटचे तीन प्रश्न आठवले. तो ते स्वतःसाठी विचारत नव्हता. आमच्यासारख्या मालकांनीच ते त्याला शिकवले होते.

मी तिला फोन केला. म्हटलं, रविवारी यायची काही गरज नाही, तुम्हाला बघून पसंत करायचा त्यांना अधिकारच नाही. ती म्हणाली, "येतो आम्ही, काकू. उद्या लिफ्टमध्ये तेच लोक भेटणार आहेत ना. मग आधीच भेटलेलं बरं."

रविवारी दुकान बंद असतं. सकाळी मी निघाले तर हेही चप्पल घालून दारात उभे. कुठं निघालात, म्हणून विचारलं. म्हणाले, "हडपसर बघून बरीच वर्षं झाली." पण हे आले याचं मला बरं वाटलं.

मीटिंग पार्किंगमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, पंधरावीस माणसं असतील. चेअरमन सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले वयस्कर गृहस्थ. त्यांना ऐकायला कमी येत होतं आणि यंत्र लावायला ते तयार नव्हते. सून आणि सासरे आमच्या आधीच येऊन कडेला बसले होते. तिनं साडी नेसली होती. त्यांच्या खिशाला पेन होतंच. हे जाऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि दोघांचं पाऊसपाण्याबद्दल हळू आवाजात काहीतरी सुरू झालं.

आधी पाण्याच्या टँकरवरून बराच वाद झाला. मग आमचा विषय आला. सेक्रेटरींनी ठराव वाचून दाखवला. मी उभी राहिले आणि वकीलबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायला आवाज चढवावा लागत नाही, हे मला माहीत होतं. मी विचारायला आलेले नाही, कळवायला आले आहे, असं म्हटल्यावर दोघातिघांनी माना वर केल्या. करार नोंदवून होईल, पोलिसांना माहिती जाईल, तुम्हाला प्रत मिळेल, आणि काही त्रास झालाच तर मला बोलवा, मी येईन, एवढं सांगून मी खाली बसले.

मागून एक जण म्हणाला, "असं कोणीही येईल आणि सांगेल, हे माझे सासरे."

काही जण हसले आणि लगेच गप्प झाले. ती खाली, पायांजवळच्या फरशीकडे बघत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई मग बोलल्या. त्यांच्या आवाजात खोच नव्हती, खरोखरच प्रश्न पडला होता. "पण घटस्फोट झाल्यावर हे नातं उरतं का हो?"

म्हातारे उठून उभे राहिले. माणसांसमोर उभं राहायची त्यांना सवय होती.

"ताई," ते म्हणाले, "घटस्फोट तिचा माह्या पोराशी झाला. माह्याशी नाही झाला. कोर्टात मले कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिथंच सांगतलं असतं."

आणि ते बसले.

चेअरमननी कानाशी हात नेला. "काय म्हणाले ते?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरींना वाकून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते पुन्हा म्हणावं लागलं. "ते म्हणतात, घटस्फोट त्यांच्या मुलाशी झालाय. त्यांच्याशी नाही झाला."

चेअरमननी विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "गाडी आहे का?"

"स्कूटर आहे," तिनं सांगितलं.

"एकच?"

"एकच."

"मग झालं. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा होता. आम्ही त्यासाठी थांबलो नाही. बाहेर गेटपाशी ती माझा हात धरून नुसती उभी राहिली आणि म्हातारे ह्यांना म्हणाले की सामान फार नाही, एका टेम्पोत होईल. परतताना हे बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुमच्या चेअरमनना ऐकू येत नाही ते बरं आहे. ज्यांना ऐकू येतं, त्यांना समजायला किती वेळ लागला."

एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला, करार झाला, आणि ती दोघं राहायला आली. एजंटनं मला नंतर एकदा बाजूला घेऊन सांगितलं की पार्टी खरंच चांगली हाय.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. सांगण्यासारख्या कुरबुरी म्हणजे अगदीच किरकोळ. पहिल्या उन्हाळ्यात म्हाताऱ्यांनी गच्चीवर मुंगवड्या, म्हणजे मूगडाळीचे सांडगे, वाळत घातल्या आणि कमिटीकडून हरकत आली. गच्चीवर वाळवण घालू नये असा नियम होता, आणि हा नियम खरोखर लिहिलेला होता. त्यांनी ताबडतोब सगळं उचललं. मला फोन करून म्हणाले, "लिहून असन तर आपली चूक आहे, मॅडम." पण तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच बाईंनी चार मुंगवड्या घरी नेऊन भाजी करून बघितली होती. पुढच्या सभेत त्यांनीच उन्हाळ्यापुरती सवलत मागितली आणि ती मिळाली. आता मे महिन्यात त्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते.

म्हातारे पुण्याला नावं ठेवण्यात लवकरच पुणेकरांच्याही पुढं गेले. भाजीत गूळ घालणं हा त्यांच्या मते गुन्हा होता. ह्यांचं आणि त्यांचं मात्र जमलं. दर आठवड्याला फोन व्हायचा, आणि हे काय बोलत असावेत ते मला कधी कळलं नाही, कारण ह्यांच्या बाजूनं फक्त "हं" ऐकू यायचं.

मधल्या काळात सेक्रेटरी आईवडिलांकडे राहायला गेले. त्यांचा फ्लॅट कारखान्यात काम करणाऱ्या तीन मुलांना द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि नवी कमिटी नाही म्हणत होती. एक दिवस त्यांचा फोन आला. "काकू, त्या तुमच्या वकील मॅडम..." मी हसले नाही. त्यांना पत्ता दिला. मग ते दुकानात पेढे घेऊन आले, तेव्हा ह्यांनी त्यांना विचारलं, तीन सिंगल मिळून काय होतं. ते मनापासून हसले.

मग एक दिवस म्हातारे एकटेच नारायण पेठेत आले. पहिल्यांदाच. पाणी प्यायले, घाम पुसला आणि म्हणाले, "मालकिणीले सांगाव लागते, म्हणून आलो. पोरीचं लग्न करून राह्यलो."

तिच्याच कंपनीतला मुलगा होता, साताऱ्याकडचा, त्याची बायको बाळंतपणात गेलेली. तीच आधी नाही म्हणत होती. म्हाताऱ्यांनीच त्याला घरी जेवायला बोलावलं, एकदा, मग परत. "जेवताना माणूस समजते," ते म्हणाले. "त्यानं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. माह्या पोरानं कधी नेलं नाही. म्याही नेलं नव्हतं म्हणा."

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली, खिशातल्या पेनानं. आम्ही दोघं गेलो होतो. चेअरमनही आले होते, काठी टेकत. जेवणं झाल्यावर मला कळलं की म्हाताऱ्यांनी परत वर्ध्याला जायचं ठरवलं आहे आणि तिकीटसुद्धा काढलं आहे. नव्या संसारात म्हातारं माणूस नको, असं त्यांचं म्हणणं. तिनं त्यांच्याशी वाद घातला नाही. तिकीट मागून घेतलं, बघितलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवून दिलं.

तोडगा जावयानं काढला. शेजारच्याच विंगमध्ये एक फ्लॅट रिकामा होता, तो त्यानं दोघांसाठी भाड्यानं घेतला. म्हाताऱ्यांनी इथंच राहायचं, जेवायला तिकडं जायचं. माझा करार त्यांच्या नावावर करायचं ठरलं. मी नव्या सेक्रेटरींना कळवलं की आता तिथं एकटे गृहस्थ राहतील, विधुर. मी उत्तराची वाट बघत होते. "ओके काकू, नोटेड," एवढंच आलं. पाटी अजून गेटवर आहे, पण तिच्यावरून बोगनवेल गेली आहे आणि ती कापायचा विषय कोणी घेत नाही.

गेल्या महिन्यात कराराचं नूतनीकरण होतं म्हणून मी गेले होते. एजंट वेळेत आला, काम झालं, तो निघून गेला. उन्हाचा कडाका होता. तिनं पाटोडीचा, त्यांच्याकडच्या बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता, इतका तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि म्हातारे म्हणाले, आज तुमच्यासाठी कमीच घातलं. जावई दुसऱ्या पाळीला गेला. तिनं तिच्या घरून एक उशी आणली, आतल्या खोलीत चटई टाकली आणि म्हणाली, उन्हाचं कुठं जाता काकू, जरा पडा.

मी पडले. तो फ्लॅट घेतल्याला इतकी वर्षं झाली, मी त्याचे हप्ते भरले, रंग दिला, नळ बदलले, माणसं बघितली, पण त्या घरात मी कधी राहिले नव्हते. खिडकीतून वारा बरा येत होता. बाहेर म्हातारे ह्यांच्याशी फोनवर बोलत होते. "मॅडम झोपल्या आहेत," ते हळू आवाजात सांगत होते. "नाही नाही, उठवत नाही. जाग आली की चहा देतो अन् बसमध्ये बसवून देतो."

मी डोळे मिटूनच होते. मग खरोखरच झोप लागली.